मराठी दूरचित्रवाणी मालिकांतील स्त्री-व्यक्तिरेखांची वेशभूषा

मराठी दूरचित्रवाणी मालिकांतील स्त्री-व्यक्तिरेखांची वेशभूषा या संज्ञेत मालिकांमधील स्त्री-पात्रांसाठी योजलेली वस्त्रे, दागिने, केशरचना, कुंकू-टिकली व रंगभूषा यांचा समावेश होतो. पात्राचे वय, वैवाहिक स्थिती, आर्थिक स्तर, प्रदेश, व्यवसाय आणि स्वभाव यांची सूचना संवादापूर्वीच देणे, हे या वेशभूषेचे प्रमुख कार्य होय. दैनंदिन मालिकेत एकच पात्र वर्षानुवर्षे प्रेक्षकांसमोर येत असल्यामुळे त्याचा पेहराव ही त्याची ओळख बनते. पेहरावात झालेला बदल हा कथानकातील बदल म्हणून वाचला जातो. साडी, मंगळसूत्र व कुंकू ही सद्वर्तनाची आणि पाश्चात्त्य पोशाख ही उच्छृंखलतेची खूण मानण्याचा संकेत मराठी मालिकांत दीर्घकाळ रूढ आहे. या संकेतावर टीका झाली असून काही मालिकांनी तो जाणीवपूर्वक मोडलाही आहे.

पार्श्वभूमी

रंगमंचावरील पात्राचा पोशाख पाहून समाजाने आपला पोशाख बदलण्याची प्रथा महाराष्ट्रात दूरचित्रवाणीपेक्षा बरीच जुनी आहे. संगीत नाटकांच्या काळात स्त्री-भूमिका पुरुष नट करीत. नाटक मंडळ्यांचा स्वतःचा ‘कपडेपट’ असे. नारायण श्रीपाद राजहंस तथा बालगंधर्व (१८८८–१९६७) यांनी १९१३ साली गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. त्यांच्या नायिकांचे उंची शालू, दागिने व केशरचना यांचे अनुकरण सुशिक्षित घरांतील स्त्रिया करीत असत. स्त्रीने कसे दिसावे याचा आदर्श एका पुरुष नटाने घालून द्यावा, ही त्या काळाची विशेष घटना होती.

वेशभूषा हे स्वतंत्र कलाक्षेत्र म्हणून प्रतिष्ठित करण्यात कोल्हापुरात जन्मलेल्या भानू अथैया (१९२९–२०२०) यांचा वाटा मोठा आहे. ‘गांधी’ या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली त्यांना ऑस्कर पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्यांचे कार्य चित्रपटक्षेत्रातील असले, तरी पात्राचा काळ, प्रदेश आणि स्तर यांचा अभ्यास करून वस्त्रे ठरवण्याची त्यांची पद्धत पुढील पिढ्यांना मार्गदर्शक ठरली.

विसाव्या शतकात शहरी स्त्रियांच्या नेहमीच्या वापरातून नऊवारी लुगडे मागे पडले आणि पाचवारी किंवा सहावारी, म्हणजे गोल साडी, रुळली. परिणामी दूरचित्रवाणीचा प्रसार होईपर्यंत नऊवारी ही आजी, खेडे, लावणी आणि इतिहास यांची खूण बनली होती. पुढे सलवार-कमीज आणि कुर्ता यांनी तरुण व अविवाहित मुलीची ओळख सांगण्याचे काम स्वीकारले. मालिकांना असा क्रम लावलेला पेहराव समाजातूनच आयता मिळाला.

दूरदर्शनचा काळ

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आरंभीचे प्रक्षेपण कृष्णधवल होते. लाल आणि हिरवा हे रंग पडद्यावर जवळजवळ सारख्याच करड्या छटांत दिसत. त्यामुळे साडीच्या रंगापेक्षा काठ आणि अंग यांच्या छटांतील फरक, तसेच नक्षीचा ठळकपणा, यांना महत्त्व होते. वृत्तनिवेदिकांचा साडी हा जणू गणवेशच होता. पुढे अभिनेत्री म्हणून नावारूपाला आलेल्या स्मिता पाटील या केंद्रावरून बातम्या देत असत. त्या जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसत, ही आठवण त्यांच्याविषयीच्या लेखनात वारंवार येते. पडद्यावर दिसणारी स्त्री आणि प्रत्यक्षातील स्त्री यांच्या पोशाखांतील अंतर या एका उदाहरणावरून स्पष्ट होते.

१९८२ साली देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि साडीचा रंग अर्थवाही बनला. १९८५ साली आलेल्या बासू चॅटर्जी दिग्दर्शित ‘रजनी’ या हिंदी मालिकेत प्रिया तेंडुलकर यांनी अन्यायाविरुद्ध आवाज उठवणारी गृहिणी साकारली. ही नायिका साधी साडी नेसणारी होती. घरगुती पोशाखातील स्त्री सार्वजनिक व्यवहारात जाब विचारते, या विसंगतीतच त्या व्यक्तिरेखेची ताकद होती. १९८९ मधील ‘उडान’ या हिंदी मालिकेत कविता चौधरी यांनी पोलीस अधिकाऱ्याची भूमिका केली आणि गणवेशातील नायिका घराघरांत पोहोचली. त्याच दशकात रणजित देसाई यांच्या कादंबरीवरील ‘स्वामी’ या मराठी मालिकेत मृणाल देव (पुढे कुलकर्णी) यांनी रमाबाई पेशवे यांची भूमिका केली. पेशवाईतील नऊवारी, नथ आणि खोपा यांचे त्यांतील रूप प्रेक्षकांच्या स्मरणात राहिले.

खासगी वाहिन्यांचा काळ

१५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी (नंतरची झी मराठी) ही वाहिनी सुरू झाली. ई टीव्ही मराठी (नंतरची कलर्स मराठी), स्टार प्रवाह आणि सोनी मराठी या वाहिन्या पुढील काळात आल्या. अल्फा मराठीवरील ‘आभाळमाया’ या मालिकेत सुकन्या कुलकर्णी यांनी साकारलेली सुधा जोशी ही प्राध्यापिका होती. पेशाला साजेशी, नीटनेटकी, भपका नसलेली साडी हे नोकरदार मध्यमवर्गीय मराठी स्त्रीचे रूप या व्यक्तिरेखेमुळे ठळक झाले.

२००० ते २००८ या काळात चाललेल्या ‘क्यों की सास भी कभी बहू थी’ यासारख्या हिंदी कौटुंबिक मालिकांनी घरातही भरजरी साडी व जड दागिने घालून वावरणाऱ्या सासू-सुनांचे चित्र रूढ केले. त्याचा प्रभाव मराठी मालिकांवरही पडला. ‘चार दिवस सासूचे’ (२००१–२०१३) या मालिकेत रोहिणी हट्टंगडी यांनी साकारलेल्या आशालता देशमुख या श्रीमंत घरातील कर्त्या स्त्रीचा अधिकार तिच्या भारदस्त साड्यांतूनही व्यक्त होत असे. तरीही मराठी मालिकांत सुती साडी, साधी वेणी आणि मोजके दागिने यांना स्थान राहिले. मराठी मध्यमवर्गाची साधेपणाविषयीची ओढ हे त्यामागील एक कारण मानले जाते.

वेशभूषेचे संकेत

साडी आणि पाश्चात्त्य पोशाख : पत्नी आणि ‘दुसरी स्त्री’ यांच्यातील विरोध पोशाखातून मांडण्याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ‘माझ्या नवऱ्याची बायको’ (२०१६–२०२१) ही मालिका. अनिता दाते यांनी साकारलेली राधिका ही नागपूरकडची बोली बोलणारी, साडी, वेणी आणि मंगळसूत्र यांतील गृहिणी होती, तर रसिका सुनील यांनी प्रथम साकारलेली शनाया ही पाश्चात्त्य धाटणीचे, आधुनिक कपडे घालणारी तरुणी होती. प्रेक्षकाची सहानुभूती कोणाकडे जावी, हे दोघींच्या पहिल्या दर्शनातच ठरत असे. ‘आई कुठे काय करते’ (२०१९–२०२४) या मालिकेत मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती आणि रूपाली भोसले यांची संजना यांच्या बाबतीतही गृहिणी आणि नोकरदार स्त्री यांच्यातील भेद आरंभी पोशाखातून सूचित झाला.

एकाच साडीचे अनेक अर्थ : साडी ही नेहमीच सात्त्विकतेची खूण असते असे नाही. ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेच्या दुसऱ्या पर्वात अपूर्वा नेमळेकर यांनी साकारलेली शेवंता साडीच नेसते. नेसण्याची ढब, पोलक्याचा बेत, केसांतील गजरा आणि पदराची हालचाल यांमुळे तीच साडी मोहकतेचे चिन्ह बनते. ‘तुझ्यात जीव रंगला’ (२०१६–२०२१) या कोल्हापूरच्या पार्श्वभूमीवरील मालिकेत अक्षया देवधर यांनी साकारलेली अंजली, म्हणजेच ‘पाठकबाई’, ही शिक्षिका साध्या साडीत दिसे, तर धनश्री काडगावकर यांच्या ‘वहिनीसाहेब’ या खलव्यक्तिरेखेचा रुबाब उंची साड्या आणि दागिने यांतून उभा राही. येथे भेद साडी आणि पाश्चात्त्य पोशाख यांतील नसून साधेपणा आणि मिरवणे यांतील आहे.

मंगळसूत्र आणि कुंकू : मंगळसूत्र हा मालिकांमधील कथानक पुढे नेणारा अलंकार आहे. ते घालणे, उतरवणे, तुटणे किंवा परत करणे हे प्रसंग नात्यातील वळणे दाखवतात. कुंकू अथवा टिकली हीदेखील वैवाहिक स्थितीची खूण म्हणून वापरली जाते. त्यामुळे विधवा, घटस्फोटित आणि अविवाहित प्रौढ स्त्री यांची वेशभूषा ठरवणे अधिक नाजूक असते. चिन्ह काढून टाकल्यास पात्राकडे दयेने पाहिले जाते, आणि ठेवल्यास त्याचे समर्थन कथेतून द्यावे लागते.

रूपबदल

पात्राच्या मनःस्थितीतील परिवर्तन पोशाखातील परिवर्तनाने दाखवणे हा मालिकांतील लोकप्रिय उपाय आहे. राधिका मसाल्याच्या व्यवसायात उतरून उद्योजिका होते, तेव्हा तिची केशरचना आणि साडीची धाटणी बदलते. ती साडी सोडून शनायासारखे कपडे मात्र स्वीकारत नाही. स्वावलंबन मिळाले तरी नायिकेने आपली मूळ ओळख सोडू नये, अशी अपेक्षा या निवडीतून दिसते.

‘फुलाला सुगंध मातीचा’ (२०२०–२०२२) या मालिकेत समृद्धी केळकर यांनी साकारलेली कीर्ती ही सून पोलीस अधिकारी होण्याचे ध्येय बाळगते. सुनेची साडी आणि पोलिसांची खाकी वर्दी हे दोन पोशाख म्हणजे घर आणि ध्येय यांतील ताणाची दोन टोके ठरतात.

‘अग्गंबाई सासूबाई’ (२०१९–२०२१) या मालिकेत निवेदिता सराफ यांनी आसावरी या प्रौढ विधवेची भूमिका केली. तिच्या सुनेच्या, म्हणजे शुभ्राच्या, पुढाकाराने तिचा पुनर्विवाह होतो. एकेकाळी ज्या समाजात विधवेला आलवण नेसावे लागे आणि केशवपनाला सामोरे जावे लागे, त्याच समाजातील घराघरांत मोठ्या वयाची विधवा नववधूच्या पेहरावात दिसली. या दृश्याचे सामाजिक मोल कथानकापलीकडचे होते.

ऐतिहासिक व पौराणिक मालिका

ऐतिहासिक मालिकांत वेशभूषेला अभ्यासाची जोड आवश्यक असते. ‘उंच माझा झोका’ (२०१२–२०१३) ही मालिका रमाबाई रानडे (१८६२–१९२४) यांच्या जीवनावर आधारित होती. तेजश्री वालावलकर यांनी बालपणीची आणि स्पृहा जोशी यांनी मोठेपणीची रमा साकारली. अकराव्या वर्षी विवाह झालेल्या मुलीच्या अंगावरील नऊवारी लुगडे हे बालविवाहावरील मूक भाष्यच होते. सावित्रीबाई फुले (१८३१–१८९७) यांच्या जीवनावर ‘सावित्रीजोती’ ही मालिका २०२० साली सोनी मराठी वाहिनीवर आली. शाळेत जाताना अंगावर शेण-चिखल टाकला जाई, म्हणून सावित्रीबाई सोबत दुसरी साडी नेत, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. येथे साडी हेच संघर्षाचे साधन ठरते.

‘जय मल्हार’ (२०१४–२०१७) या जेजुरीच्या खंडोबाच्या कथेवरील मालिकेत सुरभी हांडे यांनी म्हाळसा आणि ईशा केसकर यांनी बानू साकारली. लोककथेत म्हाळसा ही वाण्याची, तर बानू ही धनगराची कन्या आहे. दोन पत्नींमधील हा सामाजिक भेद वस्त्रे आणि दागिने यांतून सतत डोळ्यांसमोर राही.

अशा मालिकांत काही कालविसंगती वारंवार आढळतात. यंत्रावर विणलेले चमकदार काठ, कृत्रिम धाग्याचे कापड, अंगासरशी शिवलेली आधुनिक पोलकी आणि आधीच शिवून तयार केलेली नऊवारी ही त्यांची उदाहरणे होत. सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचे लुगडे रोज नेसवण्यास वेळ लागत असल्याने चित्रीकरणात शिवलेली नऊवारी सोयीची ठरते. मात्र तिच्या निऱ्या आणि कासोटा ठरावीक जागी बसवलेला असल्यामुळे स्त्रीच्या चालण्या-बसण्यातील नैसर्गिकता कमी होते.

कापूरहोळची धाराऊ

पुणे जिल्ह्यातील भोर तालुक्यातील कापूरहोळ हे पुणे–सातारा महामार्गावरील गाव असून तेथून एक रस्ता भोरकडे आणि दुसरा नारायणपूरमार्गे सासवडकडे जातो. छत्रपती संभाजी महाराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी जवळच्याच पुरंदर किल्ल्यावर झाला. महाराणी सईबाई यांच्या आजारपणामुळे बाळाला दूध पाजण्यासाठी कापूरहोळच्या गाडे-पाटील घराण्यातील धाराऊ यांना बोलावण्यात आले. सईबाईंचे ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर निधन झाले. धाराऊ या संभाजी महाराजांच्या दूध-आई म्हणून ओळखल्या जातात. अंतोजी आणि रायाजी हे त्यांचे पुत्र पुढे संभाजी महाराजांच्या सेवेत होते.

‘स्वराज्यरक्षक संभाजी’ (२०१७–२०२०) या मालिकेमुळे धाराऊ हे नाव सर्वदूर पोहोचले. या व्यक्तिरेखेची वेशभूषा ठरवताना येणारा प्रश्न ऐतिहासिक मालिकांतील सर्वच सामान्य स्त्रियांना लागू पडतो. राजघराण्यातील स्त्रियांसाठी पैठणी, शालू, नथ आणि चिंचपेटी असा संकेत ठरलेला आहे. दासीसाठी साधे, एकरंगी लुगडे वापरले जाते. धाराऊ या दोन्ही साच्यांत बसत नाहीत. त्या राणी नव्हत्या, तशाच दासीही नव्हत्या. त्या वतनदार पाटलाच्या घरातील स्त्री होत्या. दासीचा पेहराव दिल्यास प्रेक्षक त्यांना पगारी सेविका समजतात आणि मातृत्वाचे नाते दुय्यम ठरते. राजस्त्रीचा पेहराव दिल्यास त्यांचे शेतीशी आणि गावाशी असलेले नाते पुसले जाते. जाड सुती लुगडे, काठाची चोळी, डोईवरचा पदर आणि मोजके चांदीचे दागिने असा मावळातील सधन शेतकरी कुटुंबाशी सुसंगत पेहराव हा या दोहोंमधील मार्ग होय. अशा व्यक्तिरेखांसाठी दरबारी चित्रांपेक्षा लोकपरंपरेतील पेहरावाचा आधार अधिक उपयोगी ठरतो. शेतात किंवा चढावर काम करताना लुगडे गुडघ्यापर्यंत वर खोचण्याची मावळी पद्धत हे त्याचे एक उदाहरण आहे. नऊवारीची मूळ उपयुक्तता याच कष्टाच्या हालचालींत होती. पडद्यावर मात्र ती बहुधा ठेवणीतले, मिरवण्याचे वस्त्र म्हणून दिसते.

निर्मितिप्रक्रिया

वेशभूषाकार संहितेतील वर्णनावरून पात्राचा ‘लूक’ ठरवतो. त्याला दिग्दर्शक, वाहिनी आणि निर्माता यांची मान्यता घ्यावी लागते. कपड्यांची निगा राखणे, इस्त्री करणे आणि प्रसंगानुसार ते कलाकाराला देणे ही कामे चित्रस्थळावरील ‘ड्रेसदादा’ पाहतात. प्रसंग क्रमाने चित्रित होत नसल्याने प्रत्येक दृश्यातील पोशाखाची छायाचित्रे व नोंदी ठेवल्या जातात. घराच्या दारातून आत येणारी नायिका दुसऱ्या दिवशी चित्रित झालेल्या पुढील दृश्यात वेगळ्या बांगड्या घालून दिसली, तर सलगता बिघडते.

तांत्रिक मर्यादाही असतात. अतिशय बारीक रेघा किंवा चौकडी कॅमेऱ्यात थरथरत्या लहरींसारखी दिसते. शुभ्र पांढरा रंग प्रकाश परावर्तित करतो. हिरव्या पडद्यासमोरील चित्रीकरणात त्याच छटेची साडी वापरल्यास संगणकीय जोडणीत ती पारदर्शक होऊन जाते. वाजणाऱ्या बांगड्या व पैंजण ध्वनिमुद्रणात अडथळा आणतात.

प्रेक्षक आणि बाजारपेठ

‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३–२०१६) या मालिकेत तेजश्री प्रधान यांनी साकारलेल्या जान्हवीचे मंगळसूत्र इतके लोकप्रिय झाले की त्या घडणीची मंगळसूत्रे बाजारात ‘जान्हवी मंगळसूत्र’ या नावाने विकली जाऊ लागली. मालिकेतील पात्राचे नाव दागिन्याच्या प्रकाराला मिळण्याचे हे ठळक उदाहरण आहे.

कथामालिका नसली तरी ‘होम मिनिस्टर’ या कार्यक्रमाचा उल्लेख येथे आवश्यक ठरतो. २००४ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात आदेश बांदेकर घरोघरी जाऊन गृहिणींशी संवाद साधत आणि खेळात जिंकणाऱ्या वहिनींना पैठणी भेट देत. या कार्यक्रमामुळे पैठणी ही सामान्य गृहिणीच्या सन्मानाचे प्रतीक बनली.

पोशाखावरून होणारा वाद केवळ मराठी मालिकांपुरता नाही. अमेरिकेत १९६१ ते १९६६ या काळातील ‘द डिक व्हॅन डाइक शो’ मध्ये मेरी टायलर मूर यांनी गृहिणीच्या भूमिकेत घरात विजार घालण्याचा आग्रह धरला. गृहिणी झग्यातच दिसली पाहिजे, अशा समजुतीमुळे प्रायोजकांनी त्याला आक्षेप घेतला होता. पुढे तो पेहराव सर्वमान्य झाला.

टीका

मालिकांतील वेशभूषेवर प्रामुख्याने चार आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप नैतिक विभागणीचा आहे. साडी नेसणारी सोशीक आणि जीन्स घालणारी संसार मोडणारी, हे समीकरण सतत दाखवल्यास प्रत्यक्ष जीवनातील मुलींच्या पोशाखावरून त्यांच्या चारित्र्याचा निवाडा करण्याच्या वृत्तीला बळ मिळते. नोकरी वा शिक्षणासाठी शहरात आलेल्या तरुणींना हा निवाडा विशेष जाचक ठरतो.

दुसरा आक्षेप अवास्तवतेचा आहे. स्वयंपाकघरात किंवा झोपेतही पात्रे भरजरी साडी, दागिने आणि पूर्ण रंगभूषेत दिसतात. घरोघरी वापरला जाणारा गाऊन आणि त्यावर घेतलेली ओढणी हा पोशाख मालिकांतील नायिकांच्या अंगावर अपवादानेच आढळतो.

तिसरा आक्षेप वर्ण आणि शरीरयष्टी यांच्या चित्रणाविषयी आहे. ‘रंग माझा वेगळा’ (२०१९–२०२३) ही मालिका वर्णभेदाविरुद्ध भूमिका घेणारी होती. तिच्या नायिकेच्या भूमिकेसाठी रेश्मा शिंदे यांना रंगभूषेने सावळे दाखवण्यात आले. सावळ्या अभिनेत्रीचीच निवड का केली नाही, असा प्रश्न त्यावर विचारला गेला. ‘येऊ कशी तशी मी नांदायला’ (२०२१–२०२२) या मालिकेत मात्र अन्विता फलटणकर यांच्या रूपाने रूढ मापांत न बसणारी नायिका समोर आली.

चौथा आक्षेप कष्टकरी स्त्रीच्या अनुपस्थितीचा आहे. शेतमजूर, भाजीविक्रेती, घरकामगार किंवा ऊसतोड कामगार स्त्री मालिकेत आली, तरी तिचा पोशाख गरिबीची खूण म्हणून योजला जातो. साडीवर घातलेला पुरुषी सदरा किंवा उन्हासाठी डोक्याला बांधलेला रुमाल यांतील उपयोगिता आणि सराव पडद्यावर क्वचितच दिसतो. कापूरहोळच्या धाराऊंपासून आजच्या शेतकरी स्त्रीपर्यंतच्या व्यक्तिरेखांना स्वतःची वस्त्रे मिळणे, हा म्हणूनच मराठी मालिकांच्या वेशभूषेतील अद्याप पूर्ण न झालेला भाग मानला जातो.